अर्जाची पोच

वहीचं मधलं पान फाडून लिहिलेला अर्ज असतो. वर तारीख, मग ‘प्रति, मा. मुख्याध्यापक’, मग ‘विषय’, मग ‘महोदय’. अक्षर बहुधा शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराचं असतं, खाली सही बापाची, नाहीतर आजीचा अंगठा. शाळेच्या ऑफिसात लिपिक तो घेतो, टेबलावर ठेवतो, वर पेपरवेट ठेवतो. ‘सर आले की दाखवतो.’ इथवर सगळं सुरळीत चाललेलं असतं. मग पालक दुसरी प्रत पुढे करतो आणि म्हणतो, ‘हिच्यावर शिक्का मारून पोच द्या.’ तेवढ्यात खोलीतली हवा बदलते. ‘का हो, विश्वास नाही का आमच्यावर?’

मुलाच्या संरक्षणासाठी पालकाने शाळेशी, पोलिसांशी आणि बालकल्याण समितीशी केलेल्या भांडणांचा हा आढावा घेताना मला पुन्हा पुन्हा त्या दुसऱ्या प्रतीपाशीच यावं लागलं. मारहाण, अत्याचार, दाखल्याची अडवणूक, मूल ताब्यात घेणं, कारणं वेगवेगळी आहेत. पण पालकाची पहिली लढाई जवळजवळ नेहमी एकच असते: मी जे सांगतोय ते लिहून घ्या, आणि लिहून घेतलं याचा पुरावा मला द्या.

औंधसारख्या गावातून पाहिलं की ही लढाई किलोमीटरमध्ये मोजता येते. औंध सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात. पोलीस ठाणं गावात आहे, पण गटशिक्षणाधिकारी वडूजला आणि बालकल्याण समिती साताऱ्याला. जुन्या औंध संस्थानातली आटपाडी आणि कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहेत, म्हणजे तिथल्या माणसाला समितीसाठी सांगली गाठावी लागते. एका फेरीत एक दिवसाची मजुरी जाते. साहेब मीटिंगला गेलेले असले तर दोन दिवसांची.

शिवाय या दुष्काळी पट्ट्यात पालक म्हणजे कोण, हाही प्रश्नच असतो. खटाव-माणमधली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माथाडी कामाला गेली. आटपाडी-विट्याकडची सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायात देशभर पांगली. कुणी ऊसतोडीला जातं. पोरं आजीपाशी राहतात. शाळेतून निरोप येतो, ‘आईवडिलांना घेऊन ये,’ आणि शाळेच्या पायरीवर आजी उभी राहते. ‘आज्जी, तुम्ही कशाला आलात, पोराच्या बापाला पाठवा.’ बाप तमिळनाडूत भट्टीपुढे असतो. कायद्याच्या लेखी मूल ज्याच्या प्रत्यक्ष सांभाळात आहे त्यालाही पालक म्हणून उभं राहता येतं. ऑफिसातल्या टेबलावर मात्र आजीचा शब्द अर्धाच धरला जातो. या आजीला डोळ्यांपुढे ठेवूनच मी पुढचं सगळं लिहितो आहे, कारण व्यवस्था चांगली की वाईट हे ती आजीशी कशी वागते त्यावरून कळतं.

महाराष्ट्राने या प्रश्नाकडे डोळे उघडून पाहिलं ते बदलापूरमुळे. ऑगस्ट 2024. बालवर्गातल्या दोन लहानग्या मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याचं घरच्यांच्या लक्षात आलं. आरोपी त्या महिन्यातच कामाला लागलेला सफाई कर्मचारी होता. घरच्यांनी मुलीला डॉक्टरकडे नेलं, तपासणी करून घेतली आणि 16 ऑगस्टला पोलीस ठाणं गाठलं. गुन्हा नोंदवून घ्यायला सुमारे बारा तास गेले. बारा तास म्हणजे काय हे ज्याने पोलीस ठाण्याच्या बाकावर लहान मूल मांडीवर घेऊन वेळ काढला आहे त्यालाच कळेल. पोराला भूक लागते, लघवीला लागते, झोप येते, ते घरी चल म्हणून रडतं, आणि समोरचा माणूस दर अर्ध्या तासाने म्हणतो, ‘मॅडम येतायत.’

चार दिवसांनी, 20 ऑगस्टला, लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले आणि लोकल तासन्‌तास थांबल्या. मग चक्रं फिरली. पोलीस अधिकारी निलंबित झाले. आरती सिंह यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं. 21 तारखेला शाळांमध्ये सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि चोवीस तासांत कळवण्याची सक्ती सांगणारा शासन निर्णय निघाला. 22 तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने शाळेला आणि पोलिसांना कठोर प्रश्न विचारले. दुसऱ्या मुलीच्या घरच्यांचे जबाबसुद्धा न्यायालयाने हात घालेपर्यंत रीतसर नोंदवले गेले नव्हते, हे तिथे उघड झालं. शाळेने प्रकरण दडपण्याचा प्रयत्न केला, असं राज्य बालहक्क संरक्षण आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षा सुसीबेन शहा यांनीही जाहीरपणे सांगितलं.

23 सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत पोलिसाच्याच गोळीने मेला. काही ठिकाणी पेढे वाटले गेले. संताप मी समजू शकतो, पेढे समजू शकत नाही. जानेवारी 2025मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने या मृत्यूसाठी पाच पोलिसांना जबाबदार धरलं. पण मुलींच्या आईबापांच्या बाजूने पाहिलं तर त्या गोळीने आणखी एक गोष्ट हिरावून घेतली. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. त्या मुलींनी जे सांगितलं ते खरं होतं, असं न्यायालयाने निकालपत्रात लिहिणं म्हणजे त्या तक्रारीची शेवटची आणि सगळ्यांत मोठी पोच. ती त्यांना आता त्या माणसाविरुद्ध कधीच मिळणार नाही. उरला तो शाळेच्या जबाबदार माणसांनी माहिती दडवल्याचा प्रश्न. माझ्या मते पुढच्या हजार शाळांसाठी खटल्याचा हाच भाग जास्त मोलाचा आहे.

लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, ज्याला सगळे पोक्सो म्हणतात, 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. त्याचं 19वं कलम मी कितीदा वाचलं असेल. असा गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळलं त्या प्रत्येकाने ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. प्रत्येकाने, म्हणजे शिक्षकाने, शिपायाने, डॉक्टरने, शेजाऱ्याने. आणि पोलिसांनी त्या माहितीला नोंद क्रमांक द्यायचा, ती लेखी उतरवायची, सांगणाऱ्याला वाचून दाखवायची आणि वहीत चढवायची. मूल स्वतः सांगत असेल तर त्याला कळेल अशा सोप्या भाषेत लिहायचं. भाषाच वेगळी असेल तर दुभाषा द्यायचा. न लिहून घेणाऱ्यालाही 21व्या कलमात शिक्षा आहे, सहा महिन्यांपर्यंत. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. कायदा करणाऱ्यांनी त्या आजीच्या अंगठ्याचा विचार केला होता, हे या कलमांतून दिसतं. म्हणून तर ठाण्यात ती पाळली जात नाहीत तेव्हा अधिक जीव जळतो.

‘आम्हाला खात्री नव्हती, आधी आमची चौकशी करत होतो,’ हे शाळांचं ठरलेलं उत्तर. ते किती पोकळ आहे हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे. 2019 मध्ये तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने डॉक्टरवरचा गुन्हा रद्द केला होता. 2 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला आणि माहिती असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला वाचवण्याचाच प्रयत्न असतो, असं म्हटलं. चौकशी करायचं काम पोलिसांचं आहे. शाळेचं काम कळवण्याचं. चुकीची शंका प्रामाणिकपणे कळवली म्हणून कुणावर कारवाई होत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे.

पण गावात कायद्याच्या आधी माणसं येतात. संस्थाचालक बहुतेकदा पुढारी असतो, नाहीतर पुढाऱ्याचा पाहुणा. मुख्याध्यापक भावकीतला. पोराला शिकवणारी बाई शेजारच्या आळीतली. संध्याकाळी चारजण घरी येतात, चहा होतो. ‘पोरीचं नाव खराब होईल. गावातलं गावात मिटवू.’ यातला प्रत्येकजण वाईट असतो असं नाही. काहींना खरंच वाटतं की आपण त्या घराचं भलं करतोय. तरीही मिटवलं जातं ते त्या मुलीचं म्हणणं, आणि ते तिला कळतं. मोठ्यांना सांगून उपयोग नाही, हा धडा ती पुढे आयुष्यभर सोबत बाळगते.

छडीचं प्रकरण याहून रोजचं आणि याहून दुर्लक्षित. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या 17व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली. शाळा छडीला शिस्त म्हणतात, आणि खरं सांगायचं तर निम्मे पालकही म्हणतात. ‘सर, हाडं आमची, मांस तुमचं,’ असं सांगून पोराला शाळेत सोडून जाणारी पिढी अजून हयात आहे. म्हणूनच जो एखादा बाप पोराच्या पाठीवरचे वळ घेऊन शाळेत जातो तो शाळेपुढेच नव्हे, गावापुढेही एकटा पडतो. आणि शाळेच्या हातात दाखला असतो. ‘पटत नसेल तर दाखला घेऊन जा.’ त्या वाक्यापुढे भले भले गप्प बसतात.

इथे पालकाला माहीत असायला हव्यात अशा दोन गोष्टी आहेत. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळा काढून टाकू शकत नाही. आणि दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना दाखला उशिरा मिळाला म्हणून ती शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. दाखला अडवून धरणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करायची, त्यांनी तीन महिन्यांत निकाल द्यायचा, नाही पटलं तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील. तीन महिने म्हणजे शाळेचं अर्धं सत्र जवळपास संपलं, हे मान्य. पण तीन महिन्यांची मोजणी सुरू व्हायलासुद्धा अर्ज अमुक तारखेला मिळाला असा शिक्का लागतो.

पोलीस ठाण्यात हीच गोष्ट मोठ्या अक्षरांत होते. ललिता कुमारी खटल्यात 12 नोव्हेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हद्द कुठलीही असो, नोंद घ्यायचीच असं आलं आहे. नोंदीची प्रत फिर्यादीला फुकट द्यायची. ठाण्याने नाही घेतली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी, तिथे नाही झालं तर दंडाधिकाऱ्यांकडे. ठाण्यात मात्र ‘एनसी करून घेऊ’, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, किंवा ‘अर्ज ठेवून जा, चौकशी करतो’ या दोन वाक्यांत दिवस मावळतो. मनुष्यबळ कमी आहे, बंदोबस्त आहे, यात्रा आहे, हे सगळं खरंच असतं. मला ठाण्यातल्या हवालदाराबद्दल राग नाही. राग आहे तो या सवयीबद्दल, की तक्रार लिहिली की आपल्या ठाण्याचा आकडा वाढतो, म्हणून आधी न लिहिण्याचा प्रयत्न करायचा.

आता समिती. लोकांच्या मनात बालकल्याण समिती म्हणजे पोरं उचलून रिमांड होममध्ये टाकणारी माणसं. 2015 च्या बाल न्याय कायद्याने दिलेलं चित्र वेगळं आहे. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक स्त्री, महिन्यातून किमान वीस दिवस बैठक आणि दंडाधिकाऱ्याइतके अधिकार. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आधी घर, आधी नातेवाईक, हे या कायद्याचं मूलतत्त्व आहे. समितीचा आदेश पटला नाही तर तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. पोक्सोच्या प्रकरणात पोलिसांनी चोवीस तासांत समितीला कळवायचं आणि समितीने घरच्यांच्या संमतीने मुलाला आधार व्यक्ती द्यायची, म्हणजे जबाबापासून निकालापर्यंत सोबत चालणारं एक माणूस. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या आधार व्यक्तींबद्दल सविस्तर निर्देश दिले. मला विचाराल तर सगळ्या कायद्यात आजीच्या सर्वांत कामाची तरतूद हीच आहे. तिला कलमं नको आहेत, तिच्याबरोबर साताऱ्याच्या एसटीत बसणारं कुणीतरी हवं आहे.

तरीही पालकाची बाजू घेताना एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. जून 2025 मध्ये आटपाडी तालुक्यातल्या एका गावात बारावीतली मुलगी वडिलांच्या मारहाणीत गेली. वैद्यकीय प्रवेशाच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून. हत्यार होतं घरातल्या जात्याचा लाकडी खुंटा. दहावीला नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळवलेली पोर, आणि बाप स्वतः शाळेचा मुख्याध्यापक. पालक आणि शाळा एकाच माणसात एकवटले होते आणि त्या मुलीने जावं असं तिसरं टेबल तिच्या आसपास नव्हतं. 1098 हा क्रमांक तिच्या पाठ्यपुस्तकात कुठेतरी छापलेला असणार. ही हेल्पलाईन 1996 मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या कामातून जेरू बिलिमोरिया यांनी सुरू केली, आता ती सरकार चालवतं. पण क्रमांक छापलेला असणं वेगळं आणि रात्री बापाच्या हातात खुंटा असताना तो फिरवता येणं वेगळं. मूल पालकाच्या मालकीचं नाही, हे वाक्य पालकांच्या बाजूने लिहिणाऱ्यानेच आधी लिहिलं पाहिजे.

म्हणूनच परदेशातल्या प्रकरणांवर आपण सरसकट ‘बघा, मुलं पळवतात’ म्हणून मोकळं होऊ नये. नॉर्वेतल्या स्टाव्हांगरमध्ये 2011 साली एका बंगाली जोडप्याची दोन मुलं बालसंरक्षण खात्याने नेली. 2012 मध्ये ती काकांकडे आणि 2013 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयामुळे आईकडे आली, त्यावर पुढे हिंदी चित्रपटही निघाला. बर्लिनमध्ये सप्टेंबर 2021 मध्ये एका भारतीय जोडप्याची तेव्हा सात महिन्यांची असलेली मुलगी तिथल्या युवक कल्याण कार्यालयाने ताब्यात घेतली. लैंगिक अत्याचाराचा संशय फेब्रुवारी 2022 मध्ये मागे पडला, तरी जखमेचा उलगडा पटला नाही म्हणून जून 2023 मध्ये न्यायालयाने ताबा सरकारकडेच ठेवला. मूल घरची गुजराती न शिकता जर्मन बोलू लागलं की परतीचा रस्ता कसा बंद होतो, हे कुणाही स्थलांतरित घराला कळावं. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही 10 सप्टेंबर 2019 रोजी एका नॉर्वेजियन आईच्या बाजूने निकाल देऊन सांगितलं की कुटुंब पुन्हा जोडण्याचा खरा प्रयत्न न करता ते तोडणं हा हक्कभंग आहे. पण लंडनमध्ये 2000 साली आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिंबी सांभाळणाऱ्यांच्या छळाने मेली. तिला वाचवण्याच्या किमान बारा संधी पोलीस, दवाखाने आणि समाजसेवा खात्यांनी घालवल्या, असं लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशीत निघालं. तिकडचं राज्य कधी दाराशी फार लवकर येतं, कधी येतच नाही. आपल्याकडे पहिली भीती अजून दूरची आहे. आपलं दुखणं दुसरं.

औंधचा माणूस या विषयावर लिहितो तेव्हा त्याला संस्थान आठवल्याशिवाय राहत नाही. पाचशेएक चौरस मैलांचं, बहात्तर गावांचं राज्य. राजा भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने गावोगावच्या पंचायतींच्या हाती कारभार सोपवला आणि मतदानाला साक्षरतेची अट घातली. ती अट आज कठोर वाटेल, पण तिच्यामागचा हेतू मला भिडतो: ज्याला कागद वाचता येतो त्याला कागदाने फसवता येत नाही. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली. जन्मठेपेचे कैदी तिथे बेड्यांशिवाय शेती करत होते, बायकामुलांसह राहत होते. व्ही. शांताराम यांनी त्यावरूनच ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. सरकार शिक्षा झालेल्या माणसावरही इतका विश्वास टाकू शकत होतं की त्याचं मूल त्याच्यापाशी राहू द्यावं.

तसाच विश्वास आजच्या कायद्यातही लिहिलेला आहे. पोक्सोचं 24वं कलम म्हणतं की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला आवडेल त्या जागी घ्यावा, शक्यतो फौजदार दर्जाच्या स्त्री अधिकाऱ्याने, आणि गणवेश घालू नये. कुठल्याही कारणाने मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये. म्हणजे कायद्याप्रमाणे असं व्हायला हवं: साध्या साडीतल्या किंवा पंजाबी ड्रेसमधल्या बाई आजीच्या ओसरीवर येतात, पोरीशेजारी बसतात, पाणी पितात, ती बोलेल तसं बोलू देतात, तिच्याच शब्दांत लिहितात, मग सगळं वाचून दाखवतात. आजी अंगठा उठवते. बाई एक प्रत तिच्या हातात देतात, आणि आजी ती घडी घालून देव्हाऱ्यामागे, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवते.